कळलावीतील कोल्चिसिनची जनुके कशी सापडली, आणि तुमच्या झाडात ती कशी शोधावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका औषधी वनस्पतीत औषधी द्रव्य तयार करणारी जनुके शोधायची आहेत. जीनोम उपलब्ध नाही. पानाच्या एका नमुन्याचा ट्रान्स्क्रिप्टोम (त्या वेळी चालू असलेल्या जनुकांच्या आरएनएची यादी) हाताशी आहे आणि त्यात पी४५० गटाची, म्हणजे बहुधा रेणूला ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमांची, दोनशेच्या वर जनुके दिसतात. यांतली कामाची कोणती, हे कसे ओळखायचे?

एका नमुन्यावरून ते ओळखता येणार नाही, सिक्वेन्सिंग (आरएनएचे क्रम वाचणे) कितीही खोल केले तरी. त्या यादीतून एवढेच कळते की पानात कोण कोण हजर आहे. कोण कोणाबरोबर काम करते हे कळायला निरनिराळ्या स्थितीतले बरेच नमुने लागतात. पण त्याहून मोठी उणीव प्रश्नातच आहे: तुम्ही जनुक शोधताय, पण कोणती रासायनिक अभिक्रिया करणारे, ते ठरवलेले नाही. आधी अभिक्रिया, मग जनुक, हा क्रम उलटला की वर्षभर उमेदवारांची यादीच लांबत राहते.

कळलावीचे उदाहरण घेऊ. झाड आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात वर येते, गौरीच्या दिवसांत फुललेले असते, आणि त्याच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. गाउटवर दिले जाणारे हेच ते औषध. युरोपातल्या कोल्चिकम या त्याच्या नातलगातून ते १८२० मध्ये वेगळे काढले गेले. रेणूचा सांगाडा विचित्र आहे: एक सहा कार्बनांचे कडे, त्याला चिकटून दोन सात कार्बनांची कडी, त्यांतले एक ट्रोपोलोन, आणि नायट्रोजन कड्याच्या बाहेर. बहुतेक अल्कलॉइडांत (वनस्पतींच्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांत) नायट्रोजन कड्याच्या आत असतो. म्हणजे झाडाने तो कधीतरी बाहेर काढलेला आहे.

हे कसे घडते याचा नकाशा जनुकांच्या आधी कित्येक दशके तयार होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बन घातलेले रेणू झाडाला पाजले आणि तो कार्बन कोल्चिसिनमध्ये कुठे पोहोचतो ते पाहिले. त्यातून कळले की फेनिलअॅलनिनपासून एक कडे व तीन कार्बन येतात, टायरोसिनपासून ट्रोपोलोनचे कडे व नायट्रोजन येतो, मध्ये ऑटमनालिन नावाचा फेनेथिलआयसोक्विनोलिन रेणू लागतो, आणि सहा कार्बनांचे कडे पुढे फुगून सातांचे होते. एन्झाइम एकही माहीत नव्हते, पण पायऱ्यांचा क्रम बराचसा ठाऊक होता.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या रायन नेट, वॉरन लाउ आणि एलिझाबेथ सॅटली यांनी ‘नेचर’मध्ये या मार्गातली आठ जनुके मांडली. त्यांची सुरुवात सार्वजनिक ट्रान्स्क्रिप्टोमपासून झाली, पण खरी युक्ती दुसरी होती. फेनेथिलआयसोक्विनोलिनचा सांगाडा त्यांनी प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनवला आणि उमेदवार जनुके घातलेल्या तंबाखूवर्गीय झाडाच्या पानांना तो पाजला. मार्गाच्या सुरुवातीची जनुके माहीत नसतानाही मधल्या पायरीपासून काम सुरू करता आले. पहिले मिथाइल जोडणारे एन्झाइम सापडले की त्याच्याच जोडीने चढउतार करणारी इतर जनुके निवडायची, एकेक पानात घालायची, आणि जो नवा रेणू दिसेल त्याच्यावर पुढचे काम करणारे शोधायचे. असे करत चार ओ-मिथाइल, एक एन-मिथाइल आणि तीन पी४५० एन्झाइमे मिळाली. शेवटचे, सीवायपी७१एफबी१, कडे फुगवण्याचे काम करते.

तुमच्या दोनशे पी४५०च्या प्रश्नाला इथूनच उत्तर मिळते. त्या तीन पी४५०पैकी दोन सीवायपी७५ए या उपकुळातली आहेत. हे उपकूळ फुलांच्या निळ्या-जांभळ्या रंगासाठी ओळखले जाते, आणि जनुकांना आपोआप नावे देणारा कोणताही अॅनोटेशन प्रोग्राम त्यांच्यापुढे ‘फ्लॅव्होनॉइड हायड्रॉक्सिलेज’ असेच लिहितो. नावावरून गाळणी लावली असती तर ही दोन्ही जनुके पहिल्याच दिवशी बाहेर पडली असती. सदाफुलीतही तेच झाले. व्हिनब्लास्टिन या कर्करोगावरील औषधाच्या मार्गात कॅथरँथिन आणि टॅबरसोनिन बनवणारी एन्झाइमे २०१८ मध्ये सापडली, आणि ती अनुक्रमाने कार्बोक्सिलएस्टरेज निघाली. एस्टर तोडणाऱ्यांच्या कुळातली, पण काम कडी जुळवण्याचे. म्हणून कुळ पाहा, पण लेबलवर विश्वास ठेवू नका.

आता तुमच्या झाडाकडे.

पहिले काम कागदावरचे. द्रव्याची रचना समोर ठेवा आणि मागे मागे जा: हा मिथाइल गट कोणी लावला, हा ऑक्सिजन कुठून आला, ही दोन कडी कशी जुळली. प्रत्येक पायरीपुढे वस्तुमानातला फरक लिहा. मिथाइल लागला तर १४.०१५७ वाढ, हायड्रॉक्सिल लागला तर १५.९९४९ वाढ, दोन फिनॉल जुळले तर २.०१५७ घट. पायरीला कोणते एन्झाइमकूळ शोभते तेही लिहा: हायड्रॉक्सिलला पी४५० किंवा टू-ऑक्सोग्लुटारेटवर चालणारे ऑक्सिजनेज, मिथाइलला मिथाइलट्रान्सफरेज, असिल गटाला बीएएचडी हे असिल गट जोडणारे कूळ. या कागदावर जिथे प्रश्नचिन्ह राहील तीच तुमची शोधाची जागा. आणि मधला कोणता रेणू विकत मिळतो किंवा बनवून घेता येतो ते इथेच ठरवा. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो रेणू) नसेल तर उत्तम उमेदवारही सिद्ध करता येत नाही. बरीच कामे याच एका कारणाने अडून राहतात.

दुसरे, नमुने. माझ्या मते निम्मे यश इथे ठरते आणि सगळ्यात कमी पैसे इथे खर्च केले जातात. सहअभिव्यक्तीचे, म्हणजे कोणती जनुके एकत्र चढउतार करतात याचे, गणित चालायला जनुकांची पातळी नमुन्यानमुन्यांत हलली पाहिजे. सगळीकडे द्रव्य सारखेच असेल तर हजारो जनुके एकमेकांशी जुळलेली दिसतात आणि काहीच कळत नाही. कोवळे पान, जून पान, खोड, कळी, कच्चे बी, मूळ, कंदाचे वाढते टोक, कंदाचा जुना भाग असे आठ प्रकार, प्रत्येकाची तीन वेगवेगळी झाडे, म्हणजे २४ नमुने घ्या. एकाच झाडाची तीन पाने या तीन जैविक प्रती होत नाहीत. प्रत्येक नमुना कापल्या कापल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाका, कुटा, आणि त्याच भुकटीचे दोन भाग करा: एक आरएनएसाठी, एक रसायन मोजण्यासाठी. दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या झाडांवरून हे दोन भाग घेतले तर जुळवणीला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट इथे हमखास फसवते. द्रव्य जिथे साठते तिथेच ते बनते असे नाही. जुन्या कंदात कोल्चिसिन भरपूर मिळेल, पण ते बनवणारी जनुके तिथे केव्हाच शांत झालेली असू शकतात. म्हणून साठ्याच्या जोडीला वाढत्या, कोवळ्या भागांचे नमुने हवेतच. कळलावीचे काम करायचे तर जूनपासून पावसाळा संपेपर्यंतचाच काळ हाती असतो. वरचे झाड वाळले की सुप्त कंद उरतो.

अवयवांत फरक मिळत नसेल तर झाडाला डिवचा. पोडोफायलम या औषधी वनस्पतीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: पानाला जखम केली की पोडोफायलोटॉक्सिनच्या मार्गातली जनुके जागी होतात. त्या फरकावरून लाउ आणि सॅटली यांनी २०१५ मध्ये सहा नवी एन्झाइमे शोधून इटोपोसाइड या कर्करोगावरील औषधाच्या पूर्वरेणूपर्यंतचा मार्ग पूर्ण केला. मिथाइल जास्मोनेट (झाडाच्या संरक्षणाचा संकेत देणारा रेणू) १०० ते २०० मायक्रोमोलर फवारून ०, ३, ६, १२, २४ तासांनी नमुने घेणे हा दुसरा रस्ता. त्यात शून्य तासाचा आणि नुसत्या द्रावकाचा फवारा दिलेला असे दोन्ही नियंत्रण नमुने ठेवा, कारण फवारताना पान हाताळले जाते आणि तेवढ्यानेही जनुके हलतात.

कंदातून आरएनए काढणे हे वेगळेच दुखणे आहे. पिष्ट आणि फिनॉल दोन्ही भरपूर. साधी कॉलमची किट पिष्टाने तुंबतात. सीटॅब (पेशी फोडणारे डिटर्जंट) २ टक्के, पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारे पॉलिमर) २ टक्के आणि ऐनवेळी घातलेले बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल २ टक्के असा बफर ६५ अंशांवर गरम ठेवा. १०० मिलिग्रॅम भुकटीला १ मिलिलिटर. भुकटी वितळू न देता थेट गरम बफरात टाका. वितळली की फिनॉल तपकिरी होतात आणि आरएनएला चिकटतात. क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोलचे मिश्रण वापरून मधला पांढरा थर नाहीसा होईपर्यंत दोन-तीनदा धुवा, मग लिथियम क्लोराइड शेवटी २ मोलर होईल एवढे घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. आरएनए तळाशी बसतो, पिष्ट व डीएनए बरेचसे वरच्या द्रावणात राहतात. २६०/२३० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचे, शुद्धतेची खूण) १.५ च्या खाली असेल तर पुन्हा धुवा. २६०/२८० चांगले आहे म्हणून पुढे जाऊ नका, पॉलिसॅकराइड तिथे दिसतच नाहीत. आरआयएन, म्हणजे आरएनए किती अखंड आहे याचा आकडा, ७ च्या वर हवा. पानाच्या नमुन्यात हरितलवकाच्या आरएनएमुळे हा आकडा उगाच खाली दाखवला जातो, तेव्हा आलेख स्वतः पाहा.

सिक्वेन्सिंगला प्रत्येक नमुन्यामागे १५० बेसच्या २ ते ३ कोटी जोड्या पुरतात. पैसे उरले तर खोली वाढवण्यापेक्षा नमुने वाढवा. जीनोम नसेल तर सगळ्यांचे मिळून ट्रिनिटी या प्रोग्रामने एकच असेंब्ली (तुकडे जोडून पूर्ण क्रम बनवणे) करा आणि वाटल्यास एका मिश्र नमुन्याचे लांब रीड (सलग वाचलेले तुकडे) घ्या. नुसत्या छोट्या रीडच्या असेंब्लीत दोन जुळी पी४५० जनुके एकमेकांत मिसळून तिसरेच, अस्तित्वात नसलेले जनुक तयार होते. ते कृत्रिमरीत्या बनवून घेतले की महिने फुकट जातात. साल्मन किंवा कॅलिस्टो या प्रोग्रामने टीपीएम (जनुकाच्या पातळीचे एकक) काढा, एकाही नमुन्यात १ च्या वर न जाणारे गाळा, उरलेल्यांचे लॉग घेऊन सहसंबंध काढा.

ज्याच्याशी बाकीची जनुके जुळवून पाहायची ते आमिष म्हणून मार्गातले निदान एक खात्रीचे जनुक लागते. ते नसेल तर द्रव्याची किंवा मधल्या रेणूची पातळीच आमिष म्हणून वापरा, मात्र वर सांगितलेला साठ्याचा धोका लक्षात ठेवून. सहसंबंध ०.८ च्या वर असली ठरावीक रेघ मारू नका. आमिषाशी जुळणाऱ्यांची क्रमवारी लावा, वरची दोनशे घ्या, त्यांतून कागदावर लिहिलेल्या कुळांतली निवडा. तुमची दोनशे पी४५० इथे दहा-पंधरावर येतात. आणि एक परीक्षा: मार्गातली दोन जनुके आधीच माहीत असतील तर एकाला आमिष करून दुसरे वरच्या शंभरात येते का पाहा. येत नसेल तर नमुन्यांत पुरेसा फरक नाही. पुढे जाण्याऐवजी नमुने वाढवा.

उमेदवार तपासायला निकोटियाना बेंथामियाना हे तंबाखूवर्गीय झाड सर्वांत सोयीचे. पी४५०ला लागणारे रिडक्टेज, पटल, कोशातले कप्पे सगळे तिथे तयार असते, ई. कोलायमध्ये वनस्पतीचे पी४५० सहसा तसेच्या तसे चालत नाही. चार आठवड्यांची, अजून न फुललेली रोपे घ्या. अॅग्रोबॅक्टेरियम (पानात जनुक पोहोचवणारा जिवाणू), बहुधा जीव्ही३१०१ हा वाण, १० मिलिमोलर एमईएस, पीएच ५.६, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १५० मायक्रोमोलर असिटोसिरिंगोनमध्ये दोन तास ठेवून बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने भरा. एकाच जनुकाला ओडी (द्रावणातल्या जिवाणूंच्या दाटपणाचे माप) ०.३ चालते, अनेक एकत्र घालताना प्रत्येकी ०.१ ते ०.२ ठेवा आणि एकूण १ च्या आसपास थांबा, नाहीतर पान पिवळे पडते. तीन दिवसांनी त्याच जागी ५० ते १०० मायक्रोमोलर सब्स्ट्रेट भरा, पुढच्या २४ ते ४८ तासांत पान काढा, सुकवा, ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क घ्या. एन्झाइमांचे मिश्रण एकदम घालून मोजणीच्या आलेखात नवे शिखर (नव्या रेणूची खूण) दिसते का पाहायचे, दिसले की एकेक वगळत जायचे. पंधरा उमेदवार वेगवेगळे तपासण्यापेक्षा हे फार लवकर होते.

नियंत्रणे तीन: रिकामा वाहक (उमेदवार जनुक नसलेला डीएनए) आणि सब्स्ट्रेट, जनुक पण सब्स्ट्रेट नाही, पहिली सगळी जनुके पण नवा उमेदवार नाही. तिसरे बहुतेक जण विसरतात, आणि आधीच्या एन्झाइमाचे आडउत्पादन नव्या जनुकाच्या नावावर जमा होते.

काहीच दिसले नाही तर लगेच उमेदवार फेकू नका. हे झाड आलेल्या पाहुण्या रेणूवर साखर चढवते. अपेक्षित वस्तुमानाबरोबर त्यात १६२.०५२८ मिळवूनही शोधा, आणि मॅलोनिल ग्लुकोजसाठी २४८.०५३२. उत्पादन दिसत नाही पण सब्स्ट्रेट नियंत्रणापेक्षा स्पष्ट घटला असेल तर काहीतरी झाले आहे, फक्त ते तुम्ही मागितलेल्या वस्तुमानावर नाही. पायऱ्यांचा क्रम चुकीचा धरलेला असणे हेही नेहमीचे: मिथाइल आधी लागल्याशिवाय पुढचे पी४५० रेणूला हात लावत नाही.

वस्तुमान मोजताना कळलावीत दोन सापळे आहेत, आणि ते इतरत्रही भेटतात. कडे फुगवणाऱ्या पायरीत एक ऑक्सिजन येतो व दोन हायड्रोजन जातात, म्हणजे १३.९७९३ ची वाढ. क्वाड्रुपोल या साध्या वस्तुमान-यंत्रावर ती १४ दिसते, आणि मिथाइल लागल्याचीही १४ च दिसते. टीओएफ किंवा ऑर्बिट्रॅप या अधिक अचूक यंत्रांशिवाय मार्गातली सर्वांत महत्त्वाची पायरी ‘आणखी एक मिथाइल’ म्हणून वहीत पडेल. दुसरे, त्या पायरीचे उत्पादन एन-फॉर्मिलडेमेकोल्सिन आणि खुद्द कोल्चिसिन यांचे रेणुसूत्र एकच आहे, सी२२एच२५एनओ६. दोन्हींचा प्रोटॉनित आयन ४००.१७५५ वर येतो. शिखर मिळाले म्हणजे कोल्चिसिन मिळाले असे नाही. प्रमाण नमुना सोबत चालवून धारणकाळ (रेणू कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) आणि तुकड्यांचा आलेख दोन्ही जुळवावे लागतात. स्टॅनफर्डच्या त्या कामाची मजल एन-फॉर्मिलडेमेकोल्सिनपर्यंतच आहे. फेनिलअॅलनिन व टायरोसिनपासून तिथवर त्यांनी १६ एन्झाइमे एका पानात एकत्र चालवली.

तंबाखूच्या पानात काम करणारे एन्झाइम मूळ झाडातही तेच काम करते, याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. सदाफुलीत टीआरव्ही विषाणूच्या साह्याने जनुक दडपता येते: त्या जनुकाचा ३०० ते ५०० बेसचा तुकडा, जुळ्या जनुकांशी कमीत कमी साम्य असलेल्या भागातून, रोपाच्या शेंड्यात टोचायचा, आणि नव्या पानांत द्रव्य घटून आधीचा रेणू साचतो का पाहायचे. नुसती घट पुरत नाही. आजारी रोपातही द्रव्य घटते. आधीचा रेणू साचणे हाच खरा पुरावा. ज्या झाडात ही सोय बसवलेली नाही तिथे शुद्ध एन्झाइमाची गतिकी, अभिव्यक्तीची जागा आणि दुसऱ्या नातलग जातीतले तेच जनुक, एवढ्यावर भागवावे लागते आणि निष्कर्ष तेवढ्याच बेताने लिहावा लागतो.

मार्ग सगळा हाती असून उत्पादन नगण्य येत असेल तर हरवलेले जनुक एन्झाइमच असेल असे धरू नका. सदाफुलीच्या पानात हा मार्ग तीन प्रकारच्या पेशींत वाटलेला आहे आणि मधले रेणू एकीकडून दुसरीकडे नेणारे वाहक प्रथिन लागते. टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाच्या मार्गात २०२५ साली फोटो१ नावाचे प्रथिन मांडले गेले. ते स्वतः अभिक्रिया करत नाही, पण पहिल्या ऑक्सिडीकरणाला योग्य वळण देते. असली जनुके कुळाच्या गाळणीतून निसटतात, म्हणून क्रमवारीतली वरची ‘अज्ञात कार्य’ लिहिलेली दहा-बारा नावेही मिश्रणात घालून पाहावीत.

परवानग्या आधी. वनक्षेत्रातून नमुना घ्यायला वन विभागाची लेखी मंजुरी लागते, आणि साहित्य परदेशी प्रयोगशाळेत जाणार असेल किंवा पेटंट घ्यायचे असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. ओळख पटवलेला हर्बेरियम (दाबून सुकवलेला) नमुना ठेवा. कळलावी हाताळताना हातमोजे, आणि भुकटी कुटताना मास्क. कोल्चिसिनच्या उपचारमात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

तुमच्या हातात सध्या जे आहे त्याचे काय करायचे? पानाचा तो ट्रान्स्क्रिप्टोम असेंब्लीत भर म्हणून ठेवा, सहसंबंधासाठी वापरू नका. नवे सिक्वेन्सिंग मागवण्याआधी आठही अवयवांचे अर्क एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमान मोजणारे यंत्र) चालवा. द्रव्याच्या पातळीत अवयवागणिक निदान दहापट फरक दिसला तर त्याच भुकट्यांचा आरएनए पाठवा. नाही दिसला तर जखम किंवा जास्मोनेटची मालिका आधी करून पाहा.